ओसरीवरचं कुत्रं दिवाणखान्यात

घरात कुत्रं आहे हे कळायला कुत्रं दिसावं लागत नाही. चपलांच्या कपाटाला वरून कडी असते. कचऱ्याचा डबा सिंकखाली नसतो, फ्रीजच्या डोक्यावर चढलेला असतो. फ्रीजच्या दांडीला अडकवलेला नॅपकिन गायब, चार्जरच्या वायरी खिळ्याला गुंडाळलेल्या, सोफ्याचा एक कोपरा जुन्या चादरीखाली झाकलेला. घरातली दाताखाली येईल अशी प्रत्येक वस्तू तीन फूट वर सरकलेली असते. या लेखासाठी पुण्यात, ठाण्यात, डोंबिवलीत अशी घरं पाहिली, तिथल्या माणसांशी बोलणं झालं, पशुवैद्यांशी आणि कुत्र्यांना शिकवणाऱ्यांशीही झालं. सगळीकडे गप्पांची सुरुवात सारखीच. आधी कुत्र्याच्या उचापती हसत हसत सांगायच्या. कोणी चष्मा खाल्ला, कोणी पासपोर्ट. मग हळूहळू आवाज उतरायचा. घरात पाहुणे येत नाहीत, सासूबाई नाराज आहेत, कामवाल्या मावशी टिकत नाहीत, खालच्या मजल्यावरचे बोलायचे थांबलेत. कुत्र्यावर जीव आहे, पण घर हातातून निसटलंय.

या सगळ्यांना एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. तुमचं कुत्रं वाईट नाही आणि तुमचे लाडही फार झालेले नाहीत. बहुतेक घरांत खोडकर कुत्रं म्हणजे बेकार कुत्रं असतं. त्याच्या अंगात काम आहे आणि दिवसात काम नाही.

आपल्याकडे कुत्रं नवं नाही. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, धनगराच्या कळपाबरोबर कुत्रा चालतो. पण ही सगळी बाहेरची कुत्री. वाड्यातलं कुत्रं ओसरीवर बसायचं, खळ्यावर राखण करायचं, रात्री गल्लीतून फेरी मारून यायचं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ते आपणहून थांबायचं, कारण उंबऱ्याबाहेर त्याला अख्खं गाव होतं. फ्लॅटला ओसरी नाही. सहाशे चौरस फुटांत माणसं, सामान आणि कुत्रं एकाच फरशीवर राहतात, आणि ज्या कुत्र्याच्या पूर्वजांना माणसाने पिढ्यानपिढ्या एखाद्या कष्टाच्या कामासाठी घडवलं, त्याला आता दिवसभर दाराकडे बघत बसायचं असतं.

ही घडण साधी गोष्ट नाही. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर काम करायचे, जाळी आणि निसटलेले मासे पाण्यातून ओढून आणायचे. म्हणून तोंडात काहीतरी धरल्याशिवाय लॅबला चैन पडत नाही. तुमचा मोजा त्याला मासाच वाटतो. बीगल सशाच्या मागावर नाक जमिनीला लावून तासन्‌तास धावण्यासाठी तयार झाला. डॅशहंड बिळात शिरून बिज्जूला भिडायचा, म्हणून तो गादी उकरतो. हस्की सैबेरियात बर्फावरून गाडी ओढायचा; त्याला पुण्याच्या एप्रिलमध्ये, दोन खोल्यांत ठेवणं हा मला सरळ अन्याय वाटतो. सोलापूर-लातूरकडचा कारवान हाऊंड उघड्या माळावर नजरेने शिकार हेरून सुसाट सुटणारा. त्याला बाल्कनीतून रस्त्यावरची मांजर दिसली की काय होत असेल, याचा विचार करा. रस्त्यावरून उचलून आणलेलं गावठी पिल्लूही याला अपवाद नाही. दिवसभर हुंगत, शोधत, चार घरची खबर घेत अन्न मिळवणं हेच त्याच्या आईचं काम होतं.

लॅबबद्दल आणखी एक गोष्ट कळली, तर त्याच्यावरचा राग निम्मा होतो. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिलं, की साधारण चारांतल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गहाळ असतो. त्यामुळे पोट भरल्याची जाणीव मेंदूला नीट पोहोचत नाही. असा लॅब ओट्यावरचं तूप, डब्यातलं पीठ, कचऱ्यातली केळ्याची सालं, काहीही खातो, आणि त्याला खरोखरच भूक लागलेली असते. त्याला हावरट म्हणून रागावण्यात अर्थ नाही. कचऱ्याचा डबा उचलून ठेवण्यात आहे.

कोथरूडमधल्या एका घरी बीगल आहे, नाव बुंदी. घरात आजी, मुलगा-सून आणि शाळेत जाणारी नात. आजींचा देव्हारा वर्षानुवर्षं चौरंगावर, जमिनीलगत. बुंदी आली आणि पहिल्याच आठवड्यात नैवेद्याचा गूळखोबऱ्याचा तुकडा गेला. नंतर एके दिवशी तुपात भिजवून ठेवलेल्या फुलवाती गेल्या, पितळी डबीसकट नेऊन सोफ्यामागे फस्त केल्या. कापूस पोटात अडकेल या भीतीने घरचे रात्रभर जागे होते. सुदैवाने तो दुसऱ्या दिवशी बाहेर पडला. देव्हारा भिंतीवर गेला, पण बुंदीचं नाक कुठे जाणार? ती देव्हाऱ्याखाली उभी राहून भुंकायची. मग शिकवायला येणाऱ्या मुलीने आजींना एक युक्ती दाखवली. जुना टॉवेल घ्यायचा, पोळीचे आणि उकडलेल्या गाजराचे बारीक तुकडे त्याच्या घड्यांत लपवायचे, टॉवेल गुंडाळायचा, गाठ मारायची आणि बुंदीला द्यायचा. पूजेला बसण्याआधी आजी आता हे करतात. मी समोर बसून पाहिलं. बुंदीने टॉवेल पायाखाली दाबला, नाक घडीत खुपसलं, एक तुकडा काढला, मग गाठीशी दातांनी झटू लागली. वीस-पंचवीस मिनिटं घरात फक्त तिच्या फुसफुसण्याचा आणि आजींच्या पुटपुटण्याचा आवाज. टॉवेल रिकामा झाला तेव्हा ती त्याच टॉवेलवर आडवी झाली आणि झोपली. “ती तिचं काम करते, मी माझं,” आजी म्हणाल्या.

ही केवळ आजीबाईची युक्ती नाही. न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी शार्लोट ड्युरँटन यांच्याबरोबर 2019 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही कुत्र्यांना दोन आठवडे नाकाने अन्न शोधायचं काम दिलं, काहींना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायचा सराव. नंतर दोन्ही गटांसमोर अशा जागी भांडं ठेवलं, की त्यात खाऊ असेल की नसेल हे कळू नये. नाकाचं काम केलेली कुत्री आधीपेक्षा अधिक आशेने, लगबगीने भांड्याकडे गेली. शिस्तीच्या सरावाने तसा फरक पडला नाही. हुंगल्याने कुत्र्याची मनःस्थिती सुधारते, ती अशी.

फिरायला नेण्याकडेही याच नजरेने पाहिलं पाहिजे. सकाळी साडेसहाला पट्टा लावायचा, खाली न्यायचं, “शी कर, लवकर कर” म्हणत खेचायचं आणि शी झाली की लगेच वर, ही आपल्या सोसायट्यांतली रीत. हुशार कुत्रं यातून एकच गोष्ट शिकतं: शी केली की फिरणं संपतं. मग ते धरून ठेवतं, आणि राहिलेलं काम घरी येऊन गालिच्यावर उरकतं. शी झाल्यावर पुढची पंधरा मिनिटं त्याला हवं तिथे, हवं तेवढं हुंगू द्या. एकाच झाडाशी तीन मिनिटं थांबलं तरी ओढू नका. त्याला तिथे गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांची ताजी खबर मिळत असते.

एरवी कोणी फारसं सांगत नाही, पण आपला कायदाही हेच म्हणतो. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा मारझोडीपुरता नाही. सतत साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणं, हीही त्यात क्रूरता ठरवलेली आहे. बाल्कनीत दिवसभर बांधलेलं कुत्रं पाहून शेजारी फक्त त्याच्या भुंकण्याची तक्रार करतात. तक्रार मुळात त्याच्या बांधून ठेवण्याची हवी.

दात येण्याचा काळ वेगळा धरायला हवा. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत 42 पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवतात, म्हणून ते चावतं. टेबलाचा पाय, दाराची चौकट, आजोबांचा अंगठा. गार केलेलं गाजर, ओला करून फ्रीझरमध्ये ठेवलेला फडक्याचा पीळ हे त्यावरचे घरगुती उपाय, आणि चालतात. संध्याकाळी आठच्या सुमारास पिल्लू अंगात आल्यासारखं घरभर धावतं, पायाला डसतं. घरचे समजतात याला अजून खेळायचंय, आणि चेंडू काढतात. बरेचदा ते दमलेलं असतं. लहान पिल्लाला दिवसाकाठी अठरा तासांच्या आसपास झोप लागते, आणि माणसांच्या वर्दळीत ती त्याला मिळत नाही. पलंगाखाली किंवा जेवणाच्या टेबलाखाली त्याची जागा करा, तिथे ते असताना त्याला कोणी हात लावायचा नाही असा घरातल्या मुलांना दंडक घाला. चावरेपणा आठवड्यात उतरलेला मी पाहिला आहे. आणि पिल्लू आणायचंच असेल, तर दोन महिन्यांचं होण्याआधी आणू नका. 2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तरी महिन्याभराची पिल्लं टोपलीत घालून सर्रास विकली जातात. चावताना जोर किती लावायचा हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. ते शिकायच्या आत तोडलेलं पिल्लू पुढे घरातल्यांचे हात फोडतं.

ठाण्यातल्या एका घरची गोष्ट वेगळी होती. नवरा-बायको दोघंही नोकरीला, करोनाच्या बंदीच्या काळात आणलेला लॅब. दोन वर्षं चोवीस तास माणसांत वाढलेला तो, मग एकदम सकाळी नऊ ते सात एकटा. सोफ्याचा कापूस काढला, मुख्य दाराची चौकट नखांनी उकरली. दोघं घरी आले की तो कान पाडून, शेपूट पोटात घालून कोपऱ्यात बसायचा. “त्याला माहीत असतं चूक केलीय ते,” असं दोघांचंही ठाम मत. इथे पुन्हा होरोविट्झ यांचंच काम उपयोगी पडतं. 2009 मध्ये त्यांनी दाखवलं, की कुत्र्याचा तो ‘अपराधी’ चेहरा त्याने काय केलं यावर अवलंबून नसतो, मालक रागावतो की नाही यावर असतो. खाऊला तोंडही न लावलेलं कुत्रं मालक ओरडला की तसाच चेहरा करतं. सात वाजता घातलेल्या ओरड्याचा संबंध दहा वाजता फाडलेल्या सोफ्याशी त्याला लावता येत नाही. त्याला एवढंच कळतं, की माणसं घरी येतात तेव्हा चिडलेली असतात. मग तो त्यांच्या येण्याचीही धास्ती घेतो.

त्या दोघांनी एक जुना फोन कॅमेरा म्हणून शेल्फवर ठेवला. दार बंद झाल्यावर पाचव्या मिनिटाला लॅब दाराशी कण्हायला लागला, लाळ गळत होती, ठेवलेल्या खाऊकडे त्याने बघितलंही नाही. हा कंटाळा नव्हे, एकटेपणाची भीती आहे. कंटाळलेलं कुत्रं आधी खाऊ संपवतं, झोप काढतं आणि मग दुपारी उशी फाडतं. दोन्हींचं औषध वेगळं. भीतीवर खेळणी चालत नाहीत. दाराबाहेर अर्धं मिनिट जाऊन परत येणं, मग दोन मिनिटं, मग दहा, असं आठवडेच्या आठवडे करावं लागतं; काहींना पशुवैद्याकडून गोळ्याही लागतात, आणि त्यात कमीपणा नाही. या घराने दुपारी कुत्र्याला फिरवायला एक मुलगा ठेवला, आईंना तीन महिने बोलावून घेतलं. चौकट अजून तशीच उकरलेली आहे, पण नव्याने उकरलेली नाही.

नुसत्या कंटाळ्यावर मात्र चावायच्या खेळण्यांचा चांगला उपयोग होतो. अमेरिकेत 1970 च्या दशकात जो मार्कहॅम नावाच्या गृहस्थाचा फ्रिट्झ हा जर्मन शेपर्ड दगड चावून स्वतःचे दात झिजवत होता. मार्कहॅम फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करत असताना त्यातला सस्पेन्शनचा एक रबरी भाग कुत्र्याच्या हाती लागला, आणि फ्रिट्झने दगड सोडून दिले. त्यातून ‘काँग’ हे आतून पोकळ रबरी खेळणं जन्माला आलं. त्यात दही-भात भरून फ्रीझरमध्ये गोठवून दिला, की मोठं कुत्रंही अर्धा-पाऊण तास गुंतून राहतं. एवढा खर्च नको असेल तर अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, ऑनलाइन सामानाचे खोके, त्यात चुरगळलेले कागद आणि मधे खाऊचे दाणे. चिकटपट्टी आणि पिना मात्र आधी काढा. पुठ्ठा फाडून झाल्यावर केर होतो, पण तो सोफ्याचा नसतो.

आता फरशी. शू-शीच्या सवयीबद्दल सगळ्या घरांत सगळ्यात जास्त चुकीचं केलं जातं, म्हणून जरा थांबून सांगते. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर पिल्लाला शू लागते. त्या तीन वेळा उचलून योग्य जागी न्यायचं आणि झाल्याबरोबर तिथेच खाऊ द्यायचा, एवढंच शिक्षण. नाक घासल्याने, फटका मारल्याने ते एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही, आणि दिवाणामागे जाऊन करतं. पेपरवर सवय लावली तर पुढे रविवारचा पेपर जमिनीवर पसरून वाचणाऱ्या आजोबांची पंचाईत होते, कारण पायाखाली कसला स्पर्श असला की करायचं, हे पिल्लू फार लहानपणी ठरवून टाकतं. जुलैच्या पावसात खाली नेता येत नाही अशा घरांनी बाल्कनीत खऱ्या हिरवळीचा ट्रे ठेवावा. बाहेरच्या गवताची सवय त्याने मोडत नाही.

डाग पडला की बहुतेक घरी फिनेल. माणसाला फिनेलचा वास येतो, कुत्र्याला त्याखालचा शूचा वासही येतो, आणि ते पुन्हा तिथेच करतं. वर ओल्या फिनेलवरून चाललेले पाय ते चाटतं. काहीजण व्हिनेगर किंवा लिंबू सुचवतात. व्हिट्रिफाइड टाइल्सवर ठीक, पण शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे चुन्याचे दगड आहेत; आम्लाने ते खाल्ले जातात, झिलई जाते, मग शू आणखी मुरते. आधी कापडाने टिपून घ्या, पाणी घाला, पुन्हा टिपा, आणि मग एन्झाइम असलेलं द्रावण ओतून ते सांगितलेल्या वेळेपर्यंत तसंच राहू द्या. त्यातली विकरं वासाचं मूळच मोडतात. घाईने पुसलं तर पैसे वाया जातात. टाइल्समधल्या सांध्यांत वास धरून बसतो, तिथे दोनदा करा.

पावसाळा संपताना गोचिडी येतात, आणि घर राहण्याजोगं ठेवायच्या गोष्टीत मी यांना केसांपेक्षाही वर ठेवीन. आपल्याकडची तपकिरी गोचीड पूर्ण आयुष्य घराच्या आत काढू शकते. कुत्र्याचं रक्त पिऊन टपोरी झालेली मादी खाली पडते, भिंतीवर चढते, चौकटीच्या फटीत, फोटोफ्रेमच्या मागे, पलंगाच्या सांध्यात हजारोंनी अंडी घालते. म्हणून नुसतं कुत्रं स्वच्छ करून भागत नाही. महिन्याभराने गोचिडी पुन्हा येतात, आणि लोक औषधाला दोष देतात. कुत्र्याला पशुवैद्याने दिलेली गोळी वेळेवर, आणि त्याच दिवशी फटी, पलंग, पडद्यांच्या मागच्या कडाही साफ. बोटांनी चिरडू नका. गोचीडतापाने, म्हणजे एर्लिशियाने, धडधाकट कुत्री लंगडतात, खायचं सोडतात, नाकातून रक्त येतं. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवत असाल तर त्याही बंद करा. कुत्र्याने एखादी चघळली तरी ती विषारी असते.

केसांचं म्हणाल तर ते जाणार नाहीत. रोज दहा मिनिटं बाल्कनीत ब्रश फिरवला तर निम्मे तिथेच राहतात. सोफ्यावरचे केस, भांडी घासायचा रबरी हातमोजा पाणी शिंपडून फिरवला की गोळा होतात. उन्हाळा आला म्हणून हस्की किंवा स्पिट्झचं मुंडण करू नका, आतल्या केसांचा थर त्याला उन्हापासूनही वाचवतो.

पण हे केस झाडतं कोण? घराघरांत याचं उत्तर मावशी, आणि त्यांना कोणी विचारत नाही. डोंबिवलीतल्या एका मावशींनी सांगितलं, की कुत्रं आल्यावर त्यांना दर खोलीला जास्त वेळ लागू लागला, पगार मात्र तोच राहिला. वर ते केरसुणीला झोंबतं, आणि आतून मालकीण म्हणते, “काही करत नाही हो तो.” काही करत नाही हे मालकिणीला माहीत आहे, मावशींना नाही. ज्या घरांत हे नातं टिकलंय, तिथे तीन गोष्टी दिसल्या: पगार वाढवलेला, झाडूआधी ओल्या फडक्याने केस ओढून घ्यायची परवानगी आणि त्यासाठी वेळ, आणि केर काढेपर्यंत कुत्रं दुसऱ्या खोलीत खाऊसह बंद. एका घरी तर कुत्र्याला शिकवायला आलेल्या मुलीने पहिला धडा मावशींच्या समोर, त्यांच्याच हातून खाऊ देववून घेतला. आता तो त्यांच्या पायात घुटमळतो, पण उडी मारत नाही.

शेजाऱ्यांशीही वाद घालण्यापेक्षा थोडी तयारी बरी. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही, बहुमतानेही नाही. लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही. हा हक्क मोठा आहे, म्हणूनच तो मिरवायची गरज नसते. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लशीची नोंद तयार ठेवा, रस्त्यावरची शी उचला, नखं कापा म्हणजे खालच्या मजल्यावर रात्रभर टकटक होणार नाही, बाल्कनीच्या खालच्या अर्ध्या भागाला बांबूची चटई बांधा म्हणजे दिसणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलवर भुंकणं कमी होईल.

आणि दिवाळी तोंडावर आली की आणखी जपावं लागतं. लाडवावरचा बेदाणा, चिवड्यातले मनुके हे काही कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना अगदी थोडक्यातही घातक ठरतात. कोणत्या कुत्र्याला ठरतील हे आधी सांगता येत नाही. चॉकलेटच्या पेट्या, कांदा-लसणाची शेव, झायलिटॉल घातलेल्या साखरमुक्त मिठाया, सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात आणि वर. रांगोळी दाराबाहेर काढा, पणत्या शेपटीच्या टप्प्याबाहेर ठेवा. दुपारी चारलाच लांब फिरवून आणा, अंधार पडल्यावर पट्टा सोडू नका, गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर लिहा, कारण फटाक्याने बिथरलेलं कुत्रं आपलं घर विसरतं आणि पळत सुटतं. मधल्या खोलीच्या खिडक्या लावा, पंखा पूर्ण वेगात ठेवा आणि त्याला पलंगाखाली लपायचं असेल तर लपू द्या. ओढून काढू नका.

पाडव्याला कोणाला पिल्लू भेट द्यायचा विचार असेल, तर कृपा करून देऊ नका. लॅब, बीगल, गावठी, कोणतंही कुत्रं दहा-बारा वर्षं, कधी त्याहून जास्त जगतं. ते घरात आणायचं की नाही, हे त्या घरात राहणाऱ्यांनी, आणि तिथली फरशी पुसणाऱ्या मावशींनीही, मिळून ठरवायचं असतं.